छायाचित्राची साक्ष

गेल्या आश्विनांत चंद्रपूर येथें फुलपांखरांच्या छायाचित्रांचें एक प्रदर्शन भरलें होतें. चित्रें सुरेख होतीं, यांत वाद नाहीं. कांहीं ताडोब्याच्या वेशीवरील गांवांतून काढलेलीं, कांहीं आलापल्लीच्या जुन्या सागवानांतलीं, कांहीं चपराळ्याकडे वर्धा व वैनगंगा जेथें एकत्र मिळतात तेथल्या ओल्या रेतीवरचीं. प्रत्येक चित्राखालीं एक इंग्रजी व एक लॅटिन नांव ठळक अक्षरांत छापलेलें होतें. आम्ही सर्व दालनें दोनदां हिंडलों; पण ‘जाति निश्चित सांगतां येत नाहीं’ हे शब्द एकाहि चित्राखालीं आम्हांस दिसले नाहींत. ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांना ही गोष्ट भूषणावह वाटेल. आम्हांस मात्र तेथेंच शंका आली. मोडी दफ्तरांतलें अक्षर न् अक्षर आपणांस लागलें असें जो सांगतो त्यानें दफ्तर वाचलेलें नसतें. त्याचप्रमाणें शेंकडों फुलपांखरांपैकीं एकानेंहि ज्याला कोड्यांत घातलें नाहीं, त्यानें फुलपांखरें पाहिलेलीं नसतात.

एका चित्रापाशीं आम्ही अंमळ अधिक रेंगाळलों. नारिंगी पंख, टोंकाशीं काळा रंग व त्यांत पांढरा पट्टा, असें तें फुलपांखरूं पुढले पंख मागल्या पंखांवर ओढून एका फुलावर बसलें होतें. खालीं नांव होतें ‘प्लेन टायगर’. आतां या प्लेन टायगरचें हुबेहूब सोंग घेणारें दुसरें एक फुलपांखरूं आहे. तें म्हणजे डॅनाइड एगफ्लाय या जातीची मादी. दोहोंतला फरक ओळखण्याची सोपी खूण मागल्या पंखावर असते. प्लेन टायगरच्या मागल्या पंखाच्या मध्यभागीं तीन किंवा चार काळे ठिपके असतात. सोंग घेणारीच्या पंखावर, कडेकडे, एकच. चित्रांतला मागला पंख जवळजवळ सगळा झांकला गेला होता. म्हणजे जी खूण पाहून निर्णय द्यावयाचा तीच चित्रांत नव्हती. आम्हीं प्रदर्शनाच्या तरुण संयोजकास हें दाखविलें. तो विनयानें म्हणाला, “सर, मोबाइलनें हेंच नांव सांगितलं, आणि आणखी तिघांनींहि तेंच सांगितलं.” आम्हीं विचारलें, “त्या तिघांना मागला पंख दिसला होता का रे?” तो हंसला. उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. पण पाटीहि बदलली नाहीं.

ही पाटी या लेखाचें निमित्त आहे, विषय नव्हे. चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील फुलपांखरांविषयीं आज जें कांहीं ज्ञान म्हणून गोळा होत आहे, तें पुष्कळ अंशीं अशा एकेका छायाचित्रावर उभें आहे. आणि एका चित्रावरून बेधडक जातीचें नांव सांगण्याचा हा जो प्रघात पडला आहे, तो ज्ञान वाढवीत नसून ज्ञानाचा आभास वाढवीत आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें मत कित्येकांस कटु लागेल. आमचे मित्र व विद्यार्थी या उद्योगांत आहेत. आम्ही स्वतः त्यांत होतों, आणि त्याची कबुली पुढें येईलच. शिवाय आम्ही व्यवसायानें इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. कीटकशास्त्राची पदवी आमच्यापाशीं नाहीं. तेव्हां हा अधिकार तुम्हांस कोणीं दिला असें कोणी विचारील. त्यास उत्तर इतकेंच कीं, पुरावा कशाला म्हणावें हा प्रश्न कोणत्याहि एका शास्त्राच्या मालकीचा नाहीं.

छायाचित्र काय दाखवितें हें सर्वांस दिसतें. तें काय गाळतें इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तें प्रथम आकार गाळतें. पायवाटेच्या कडेला, गवतावर, अगदीं कॉलेजच्या पटांगणांतहि लहान निळसर फुलपांखरें भिरभिरत असतात. इंग्रजींत त्यांस ग्रास ब्ल्यू म्हणतात. त्यांत पेल, डार्क, लेसर व टायनी अशा चार निराळ्या जाति आहेत, आणि शेवटची तर पंख मिटून बसली असतां नखाएवढी दिसते. प्रत्यक्ष पाहणाऱ्यास तिचें लहानपण चटकन जाणवतें. पण जवळून काढलेल्या चित्रांत या चौघी चौकट सारख्याच भरून टाकतात. मग बारीक खुणा शोधाव्या लागतात. पुढल्या पंखाच्या खालच्या बाजूस, मुळाकडल्या मोकळ्या भागांत, एक ठिपका आहे कीं नाहीं? पेल व डार्क यांना तो असतो, लेसरला नसतो. परंतु हीं फुलपांखरें विसाव्यास टेकलीं कीं पुढला पंख खालीं सरकून मागल्या पंखाआड जातो व नेमका तो ठिपका झांकतो. साक्षीदार न्यायालयांत आला, पण ज्या प्रश्नासाठीं त्याला बोलाविला तो विचारतांच त्यानें तोंडावर हात ठेवला, अशांतला हा प्रकार. अशा साक्षीवर फांशी देणारा न्यायाधीश आपणांस चालेल काय? यादींत मात्र आपण रोज देत असतों. तीच गत लाइनब्ल्यू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फुलपांखरांची. त्यांतल्या एका जातीला मागल्या पंखास केंसाएवढी बारीक शेंपटी असते, तिच्या भावंडाला ती नसते. काटेरी झुडपांत घासून किंवा पक्ष्याच्या चोंचीनें ती शेंपटी तुटली कीं पहिली जाति दुसरी होते. निदान आमच्या याद्यांत तरी होते.

आमचा मुलूख धानाचा. आश्विन-कार्तिकांत धानाच्या बांधावर तपकिरी रंगाचीं, जाड अंगाचीं, बाणासारखीं सुटणारीं फुलपांखरें दिसतात. राइस स्विफ्ट, स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट आणि त्यांचे भाऊबंद हे. यांच्या अळ्या धानाचीं पानें खातात, तेव्हां त्यांची ओळख ही केवळ हौसेची बाब नाहीं. पंख मिटून बसलेल्या एका चित्रावरून त्यांचीं नांवें सांगणारे महाभाग आम्हांस पुष्कळ भेटले आहेत. ज्या इव्हान्सनें भारतीय फुलपांखरांच्या ओळखीचा ग्रंथ १९२७ सालीं लिहिला आणि १९४९ सालीं युरोप, आशिया व ऑस्ट्रेलियांतील या एकट्या कुलाची जंगी सूचि केली, त्या लष्करी इंजिनीयरानें आयुष्याचीं कितीतरी वर्षें या तपकिरी जिवांवर घालविलीं. यांतल्या कित्येक जातींचा निर्णय नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्म रचना पाहिल्यावांचून होत नाहीं, हें या अभ्यासांतून निष्पन्न झालें. पाम डार्ट व त्यासारख्या नारिंगी पट्ट्यांच्या फुलपांखरांच्या बाबतींत आजहि बहुधा तोच उपाय आहे. इव्हान्स सूक्ष्मदर्शकापुढें बसून जेथें थबकला तेथें आमचा विद्यार्थी एस्‌. टी. च्या थांब्यावर उभ्या उभ्या आंगठ्यानें निकाल देतो.

आकाराहून मोठी गोष्ट म्हणजे ऋतु. छायाचित्रावर तारीख असली तरी ऋतु काय करतो हें चित्र सांगत नाहीं. बांबूच्या बेटांत, सावलींत, जमिनीलगत उडणारीं बुशब्राउन नांवाचीं फुलपांखरें घ्या. पावसाळ्यांत त्यांच्या पंखांवर खालच्या बाजूस टपोऱ्या डोळ्यांची रांग असते. मागल्या पंखावरील डोळ्यांची ती ओळ सरळ आहे कीं मध्येंच मोडलेली, यावरून ‘कॉमन’ कोणतें व ‘डार्क-ब्रँडेड’ कोणतें याचा अंदाज बांधतां येतो. पण हींच फुलपांखरें माघ-फाल्गुनांत पाहावीं, तर डोळे पार मिटलेले. उरतात ते सुईच्या टोंकाएवढे बिंदु, आणि बाकी सगळा पंख वाळक्या पानासारखा. ज्या खुणेवर भेद करावयाचा ती खूणच निसर्गानें त्या ऋतूपुरती काढून घेतलेली असते. हीं दोन रूपें एकाच जातीचीं, हेंहि कोणास आपोआप समजलें नाहीं. लायोनेल डी निसव्हिल यानें कलकत्त्यास या कुलांतल्या जातींच्या अळ्या पोसून पाहिल्या आणि १८८६ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें तो वाद मिटण्याच्या वाटेस लागला.

येथें आमचे दुसऱ्या पक्षाचे मित्र टाळ्या पिटतील. छायाचित्रांची ज्यांस मुळांतच शिसारी आहे असे कांहीं वृद्ध शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या मतें टांचणीला टोंचलेला नमुना हाच काय तो पुरावा, बाकी सर्व पोरखेळ. त्यांस आम्ही नम्रपणें पीकॉक पॅन्सीची आठवण देतों. हें डोळेदार, नारिंगी फुलपांखरूं आमच्याकडे नदीनाल्यांकांठीं वारंवार आढळतें. स्वीडनच्या लिनियसनें १७५८ सालीं त्याचें नामकरण केलें, आणि एकदां नव्हे, दोनदां केलें: कोरड्या ऋतूंतल्या रूपास ‘अल्माना’ व पावसाळी रूपास ‘अस्तेरी’. कॉमन मॉर्मनच्या बाबतींतहि त्यानें असेंच केलें. ‘पॉलिटेस’ व ‘पॅमन’ या त्यानें दोन निराळ्या जाति मानल्या. लिनियससारख्या सूत्रकाराला जें साधलें नाहीं तें टांचणीमुळें साधेल असें मानण्याचें कारण नाहीं. चूक टांचणीची नव्हती, आणि आज कॅमेऱ्याची नाहीं. जिवंत प्राण्याचा एक क्षण, एक रूप, एक बाजू उचलून तीच त्याची पूर्ण ओळख मानणें ही चूक. ती दोन्हीकडे सारखीच.

कॉमन मॉर्मनचें प्रकरण तर फारच रंजक आहे. गांवोगांव फिरणारा बहुरूपी आमच्या पिढीनें पाहिला आहे. आज फौजदार, उद्यां वैद्य. या जातीची मादी तशीच. कांहीं माद्या नरासारख्याच दिसतात; कांहीं कॉमन रोझचा वेष घेतात, कांहीं क्रिमझन रोझचा. हे दोन्ही रोझ पक्ष्यांना खाण्यास वाईट लागतात, म्हणून त्यांचा वेष अंगावर असला कीं पक्षी वाटेला जात नाहींत. एकाच लिंबोणीवर वाढलेल्या अळ्यांतून निरनिराळ्या वेषांच्या बहिणी बाहेर पडूं शकतात. या अनेकरूपी माद्यांची चर्चा वॉलेसनें १८६५ सालच्या आपल्या निबंधांत केली. आणि एकाच जनुकाच्या हालचालीवर हा सगळा नाट्यप्रयोग चालतो हें २०१४ सालीं भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें. रोझ फुलपांखरांचें अंग लाल असतें, मॉर्मन-मादीचें काळें, ही खूण सोपी खरी. पण चित्र वरून काढलेलें आणि ऊन भडक असलें म्हणजे लाल काय व काळें काय! आणि हा घोटाळा केवळ पंडितांपुरता नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत क्रिमझन रोझ व डॅनाइड एगफ्लाय हीं नांवें दीर्घकाळ होतीं. त्यांच्या प्रतिरूपांचीं, म्हणजे मॉर्मनचें व प्लेन टायगरचें, नव्हतीं. २०२२ सालीं परिशिष्टांची फेररचना झाली ती गोष्ट वेगळी. तात्पर्य, प्रदर्शनांतली ती पाटी चुकली असेल तर ती एका ठिपक्याची चूक नव्हती.

या मासिकाचे वाचक बहुतेक वाङ्मयाचे व इतिहासाचे अभ्यासक. त्यांस हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठांची भेसळ दिसली म्हणून. हातीं आलेली पहिली पोथी खरी धरून ते स्वस्थ बसले असते तर तें काम झालेंच नसतें. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढल्यापासून आपल्याकडे एवढें तरी रुजलें कीं, पत्र अस्सल कीं नक्कल, मिति आहे कीं नाहीं, कागद कोणाच्या दफ्तरांतला, हें सांगितल्याविना पत्राचा उपयोग करावयाचा नाहीं. मिति लागत नसली तर संपादक तसें टीपेंत लिहितो; त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं, उलट त्यामुळें बाकीच्या मितींवर आपला विश्वास बसतो. फुलपांखरांच्या यादीकडून आम्ही याहून अधिक कांहीं मागत नाहीं.

पण यादी करणारांची वृत्ति अगदीं उलटी झाली आहे. चित्र काढतांच नांव पाहिजे. आणि नांव देणारें यंत्र आतां खिशांतच आहे. हें यंत्र शिकलें कशावरून? लोकांनीं पूर्वीं नांवें देऊन ठेवलेल्या लक्षावधि चित्रांवरून. त्यांत जीं नांवें चुकलेलीं होतीं तीं यंत्रानें भक्तिभावानें पाठ केलीं. आतां तें तीच चूक आमच्या विद्यार्थ्यास सांगतें. तो ती मान्य करून आपलें चित्र त्या नांवासह पुन्हां त्या साठ्यांत टाकतो. आणि यंत्राचा आत्मविश्वास आणखी वाढतो. घराण्यांतल्या वंशावळी अशाच वाढत असत. आजोबांनीं भाटाला सांगितलें, भाटानें वहींत लिहिलें, आणि नातवानें तीच वही पुरावा म्हणून पुढें केली. मतमोजणीचा प्रकार याच जातीचा. आयनॅचरलिस्ट या जगभर चालणाऱ्या निसर्गनोंदींच्या भांडारांत नांव सांगणारांपैकीं दोन-तृतीयांशांहून अधिकांचें एकमत झालें कीं नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते. त्या भांडाराचे उपकार आम्ही नाकारीत नाहीं. तेथें खरे जाणते लोक रात्र रात्र बसून फुकट काम करतात. तथापि जो ठिपका चित्रांत उमटलेलाच नाहीं तो बहुमतानें उमटत नाहीं.

आतां आमची कबुली. कांहीं वर्षांपूर्वीं एका सल्लागार संस्थेनें आमच्याकडे एका वनपट्ट्यांतील फुलपांखरांची यादी मागितली. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जमिनीवर जंगल आहे आणि जमिनीखालीं कोळसा व लोखंड आहे. वरोरा-घुग्घुसपासून एटापल्लीच्या सुरजागडापर्यंत हाच देखावा. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें मोठ्या खाणीपूर्वीं तिच्या परिणामांचा अहवाल करावा लागतो, व त्यांत तेथील झाडांची व प्राण्यांची यादी द्यावी लागते. मुदत पंधरा दिवसांची होती आणि महिना माघाचा. हाहि योगायोग नव्हे. अशा अहवालांस वर्षांतल्या एका ऋतूची, आणि तीहि पावसाळा वगळून, माहिती पुरेशी मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे ज्या महिन्यांत फुलपांखरें विपुल व ओळखण्यास त्यांतल्या त्यांत सोपीं, ते सोडून ज्या महिन्यांत तीं थोडीं व डोळे मिटलेलीं, त्या महिन्यांत मोजणी! आम्हीं विद्यार्थ्यांनीं काढलेलीं चित्रें गोळा केलीं, एका रात्रींत सर्वांस नांवें दिलीं, आणि यादी पाठविली. खोटें कशाला सांगावें, नांवांची संख्या मोठी दिसावी असा मोहहि होता. जंगलाची बाजू त्यानें बळकट होईल असें मनास समजाविलें होतें.

पुढें दोन वर्षांनीं तींच चित्रें सावकाश पाहतांना घाम फुटला. ‘डार्क-ब्रँडेड बुशब्राउन’ म्हणून दिलेल्या चित्रांतल्या पंखांवर एकहि डोळा नव्हता. तीन स्विफ्टांचीं नांवें निव्वळ अंदाजाचीं होतीं. आम्हीं त्या संस्थेस दुरुस्तीचें पत्र लिहिलें. उत्तर आलें कीं अहवाल सादर झालेला आहे. त्यानंतर दुसऱ्याच एका पट्ट्याच्या अहवालांत आम्हांस आमची यादी भेटली, त्याच क्रमानें, त्याच चुकांसकट. ज्या जंगलांत आम्ही कधीं पाऊल टाकलें नाहीं तेथें आमचीं फुलपांखरें उडूं लागलीं होतीं.

“पण यांत बिघडलें काय? यादी फुगली तर जंगलाचें भलेंच झालें,” असें आम्हांस एका सुहृदांनीं सुनावलें. आम्हांस वाटतें, याहून घातक समजूत दुसरी नाहीं. एक तर खोट्या साक्षीदारामुळें खऱ्याचीहि साक्ष बुडते. यादींतलीं चार नांवें टिकलीं नाहींत कीं प्रतिपक्षाचा वकील उरलेल्या साऱ्या यादीवर हात फिरवितो. आणि याहून वाईट गोष्ट पुढली. यादी कशासाठीं? आज येथें काय आहे हें लिहून ठेवावें, म्हणजे वीस-तीस वर्षांनीं काय गेलें हें कळेल, यासाठीं. जें फुलपांखरूं त्या जंगलांत कधीं नव्हतेंच तें तेथून नाहींसें कसें होणार? तें कागदावर अजरामर. प्रत्येक नवा यादीकार जुनी यादी पुढें ठेवून आपली करतो, आणि एकहि नांव सोडण्यास भितो. सोडलें तर आपण कमी पाहिलें असें ठरेल. अशा रीतीनें जंगल तुटत जातें आणि यादी वाढत जाते.

आमच्यावर दुसरा आक्षेप लोकविज्ञानाच्या बाजूनें येतो, आणि तो आम्हांस अधिक जड वाटतो. जंगल अफाट, जाणते मूठभर. व्याघ्रप्रकल्पांत जाळें घेऊन शिरण्यास परवानगी लागते. भामरागड-सिरोंच्याच्या पोरापोरींच्या हातीं आज जें आहे तें मोबाइलचें भिंगच. तेंहि तुम्ही हिरावून घेणार काय? नाहीं. आम्ही तें हिरावून घेऊं इच्छीत नाहीं. जीव न मारतां जीव ओळखण्याचें हें साधन गरिबाच्या घरीं आलें ही फार मोठी गोष्ट झाली असें आम्ही मानतों. नागपूरच्या ‘अजब बंगल्यां’तील ई. ए. डॅब्र्यू यांनीं १९३१ सालीं मध्यप्रांतांतील फुलपांखरांची यादी छापली. तशी यादी करण्यासाठीं संग्रहालय लागत असे, कपाटें लागत असत. नमुन्याचा एक गुण मात्र आम्हीं विसरूं नये: नांव चुकलें असें पुढें कोणास वाटलें, तर वस्तु काढून पाहतां येते. आमची चित्रें कोठें असतात? मोबाइल नाल्यांत पडला, पुरावा बुडाला. यादींत नांव तेवढें उरलें. ज्या यादीमागें चित्र जपून ठेवलेलें नाहीं ती यादी आम्ही तरी आतां वाचीत नाहीं.

चांगली साक्ष कशी असते हें आम्हांस एका विद्यार्थिनीनें शिकविलें. धानोऱ्याकडली ही मुलगी. कॅमेरा नाहीं, साधा मोबाइल. गवतांत सर्वत्र दिसणाऱ्या पिवळ्या फुलपांखरांचें तिनें चित्र आणलें होतें. यांतल्या कॉमन ग्रास यलोला पुढल्या पंखाच्या खालच्या बाजूस मुळाकडे दोन बारीक खुणा असतात, थ्री-स्पॉटला तीन. पण या खुणा इतक्या पुसट असतात कीं चित्रावर पैज मारूं नये. आम्हीं तिला तसें सांगून परत पाठविलें. ती रागावली असावी. पावसाळा सरतां सरतां ती पुन्हां आली, ती बावीस चित्रें घेऊन. घरामागच्या बहाव्याच्या रोपावर एकाच डहाळीला खेटून बसलेल्या अळ्यांचा घोळका. नंतर त्याच डहाळीवरचे कोश. नंतर कोशांतून निघालेलीं फुलपांखरें, पंख वाळवीत असतांना, दोन्ही बाजूंनीं. शेजारीं मापासाठीं ठेवलेली आगपेटीची काडी. प्रत्येक चित्रास वार, तारीख व वेळ. थ्री-स्पॉटच्या अळ्या घोळक्यानें राहतात, कॉमनच्या एकेकट्या. आतां तीन खुणांची साक्ष खरी धरण्यास हरकत उरली नाहीं. “आतां तरी लिहूं का सर नांव?” तिनें विचारलें. “लिही,” आम्हीं म्हटलें.

आणि नांवाहून मोलाची अशी एक गोष्ट अशा चित्रांतून हातीं लागते, जी नांवामागें धांवणारांच्या गांवींहि नसते. बॅरोनेट नांवाचें एक नारिंगी-तांबूस फुलपांखरूं आहे. त्याचें नांव एका चित्रावरूनहि कोणी सांगेल. (हीं कमांडर, सार्जंट, बॅरन, नबाब अशीं नांवें पाहिलीं म्हणजे साहेबांची छावणीच आमच्या रानांत अद्याप उतरलेली आहे कीं काय असें वाटतें, पण तो विषय निराळा.) त्याची अळी मात्र तेंदूच्या पानावर मधल्या शिरेला चिकटून, दोन्ही बाजूंस पिसांसारखे कांटे पसरून पडलेली असते, आणि सहज पाहणाऱ्यास ती पानापासून निराळी दिसत नाहीं. ज्या तेंदूवर गडचिरोलीच्या गांवोगांवचीं बिऱ्हाडें उन्हाळा काढतात त्याच तेंदूवर हें फुलपांखरूं वाढतें, हें बॅरोनेटच्या शंभर सुंदर चित्रांतून कळत नाहीं. अळीच्या एका वेड्यावांकड्या चित्रांतून कळतें.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं आमची जुनी यादी पुन्हां काढली. तींतलीं अकरा नांवें खोडलीं. त्यांच्या जागीं जें चित्रांत खरोखर दिसतें तेवढेंच लिहिलें: ‘बुशब्राउन, कोरड्या ऋतूचें रूप, डोळे नाहींत, जाति अनिश्चित, माघ, चपराळा’, ‘स्विफ्ट, पंख मिटलेले, वरची बाजू दिसत नाहीं, धानाचा बांध, कार्तिक’. यादी लहान झाली. प्रदर्शनाच्या संयोजकानें पुढल्या वर्षासाठीं ती मागितली तेव्हां आम्हीं ती त्यास दिली, आणि एक भिंत बिननांवाच्या चित्रांसाठीं राखून ठेव असें सुचविलें. विचार करून सांगतों, असें तो म्हणाला आहे.